मल्लाप्पाच्या अकरा नोटा

आमच्या बँकेत दर सोमवारी एक माणूस स्वतःचे पैसे बघायला यायचा. भरायला नाही, काढायला नाही, नुसते बघायला. अकराच्या सुमाराला माझ्या खिडकीच्या गजांवर एक लालभडक हात पडायचा आणि मागून आवाज यायचा, "वाईकर, माल दावा." मग मी इकडेतिकडे बघत खणातलं एक पाकीट काढायचो आणि त्यातल्या पाच-पाच रुपयांच्या अकरा नोटा त्याच्यासमोर पसरून धरायचो. तो गजांतून जमेल तेवढं नाक आत घालून त्यांचा वास घ्यायचा, "सुका हाय," म्हणायचा आणि चालू लागायचा.

मी वाईचा म्हणून वाईकर. माझं खरं नाव त्याने कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

लढाईचे दिवस होते. बँकेची मुख्य कचेरी साताऱ्याला, आणि सांगलीच्या पेठेतल्या शाखेत मी कॅशियर. वय बावीस, पगार जेमतेम, आणि त्या पगाराकडे डोळे लावून बसलेली आई आणि दोन बहिणी वाईला. असल्या माणसाने कायद्याबाहेर पाऊल टाकू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी टाकलं. ते मल्लाप्पामुळे.

मल्लाप्पाचा कुंकवाचा धंदा. हळदीत लिंबाचा रस आणि टाकणखार घालून, वाळवून, कुटून तो घरीच कुंकू करायचा. त्यामुळे हात कोपरापर्यंत लाल. डोकं खाजवलं की डोकं लाल, कान खाजवला की कान लाल. पेठेतल्या निम्म्या दारांच्या कड्यांवर त्याच्या बोटांचे ठसे होते. एकदा आमच्या बँकेत तो शिपायाच्या पांढऱ्या सदऱ्याला धरून काहीतरी समजावून सांगत होता, तर शिपाई घरी गेल्यावर त्याच्या बायकोने किंचाळून शेजार गोळा केला. मल्लाप्पाला मूलबाळ नव्हतं. बायको गौरव्वा त्याच्याबरोबर दुकानात बसायची, ती मी सांगलीत येण्याच्या थोडं आधी तापाने गेली होती. ती असताना तो कसा होता मला माहीत नाही. मी आलो तेव्हा तो एकटा होता आणि सबंध पेठेशी भांडत होता.

भांडणाचं कारण नेहमी एकच. मल्लाप्पाचा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावरही विश्वास नसे. पोस्टात पत्र टाकलं की तासाभराने पोस्टमास्तराला म्हणायचा, "पेटी उघडा, माझं पत्र हाय का बघू द्या." देवळात नारळ फोडायला दिला तर पुजाऱ्याकडून दोन्ही भकलं जुळवून घ्यायचा. वैद्यांनी पुडी दिली तर विचारायचा, "हे जिच्यापास्नं केलंय ती मुळी दावा." वैद्यबुवा सोवळे आणि तापट. त्यांनी त्याला दुकानातून घालवून दिलं. मल्लाप्पा बाहेर उभा राहून तीन दिवस तीच पुडी हुंगत होता, असं सांगतात.

या खोडीचं मूळ पेवात होतं. ज्यांनी सांगली पाहिलेली नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे हळद कोठारात नाही, जमिनीत ठेवतात. नदीकाठी हरिपुराकडे खोल खड्डे आहेत, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून वर मातीने तोंड बंद करतात. चार-चार वर्षं हळद तशीच्या तशी राहते, कीड नाही, बुरशी नाही. याला पेव म्हणतात. पेववाल्याला भाडं द्यायचं आणि आपला माल आपण मागू तेव्हा, जसाच्या तसा परत घ्यायचा. मल्लाप्पाच्या बापाची, आजाची हयात या पेवांवर गेली. त्यामुळे बँक म्हणजे पैशाचं पेव, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याने पहिल्यांदा खातं काढलं तो शनिवार होता. अकरा नोटा त्याने मला धोतराच्या सोग्याने धरून एकेक करून दिल्या. प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यात कुंकवाच्या अंगठ्याचा ठसा. मला त्यात नवल वाटलं नाही, त्या माणसाने हात लावलेल्या प्रत्येक वस्तूची तीच गत होती. सोमवारी तो परत आला आणि म्हणाला, "माल दावा." मी हसलो आणि समोरच्या गड्डीतल्या अकरा नोटा दाखवल्या. त्याने एक हुंगली, दुसरी उलटी केली, आणि जो ओरडला!

"पेव फुटलं! पेव फुटलं गा!"

बँकेत असं ओरडायचं नसतं. लढाईच्या दिवसांत तर मुळीच नाही. सगळी बँक जागच्या जागी थिजली. एका बाईने हातातला भरणा परत पदरात बांधला. दोन माणसं पैसे काढायच्या चिठ्ठ्या मागायला लागली. मी खणात खालपासून वरपर्यंत हात घातला, आणि नशीब माझं, त्या अकरा नोटा अजून बाहेर गेल्या नव्हत्या. त्या बघितल्यावर मल्लाप्पा क्षणात शांत झाला. "हां. हा माझा," म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून मी त्या नोटा पाकिटात वेगळ्या ठेवायला लागलो. रोजच्या शिल्लकेत त्या धरलेल्याच होत्या, त्यामुळे मेळ बरोबर बसायचा. पण कुणा एका खातेदाराच्या नोटा कॅशियरने बाजूला ठेवणं हा सरळ सरळ गुन्हा होता. कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. दर सोमवारी पाकीट काढताना मला घाम फुटायचा. तरी दीड वर्ष हे चाललं, कारण आमचे जुने मॅनेजर दुपारी पेंगायचे आणि सकाळी पेपर वाचायचे.

मग साताऱ्याहून आगटे साहेब आले. कडक इस्त्री, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायची सवय. ते येताना एक हुकूम घेऊन आले. ज्यांच्या खात्यात शंभर रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल त्यांच्याकडून दर तिमाहीला आठ आणे 'खाते सांभाळण्याचा आकार' म्हणून कापून घ्यायचे. तसा कागद दाराशेजारी लागला.

आमच्या शाखेचे निम्मे खातेदार शंभराच्या आतले. चिरमुरेवाले, बुरूड, तेली, कासार. लोकांना धक्काच बसला. पैसे आपले, ठेवले आपण, आणि वर दंड आपल्यालाच? बाबू चिरमुरेवाला त्यांचा पुढारी झाला. हा मोठ्या तोंडाचा, कोणतीही गोष्ट पोटात न ठेवणारा गडी. चाळीसजणांना घेऊन तो मल्लाप्पाच्या दुकानात गेला. मी संध्याकाळी कुंकू घ्यायच्या निमित्ताने तिथे जाऊन उभा राहिलो. मला खरंतर पळून जायचं होतं, पण काय होतंय ते कळल्याशिवाय घास उतरला नसता.

"आप्पा," बाबू म्हणाला, "तुमी म्होरं व्हा. तुमच्यासारखं भांडाया कुणालाच येत न्हाई. आठ आणं म्हंजे काय थट्टा हाय व्हय?"

मल्लाप्पाने कुटणं थांबवलं. "त्यात भांडाय काय हाय? भाडं रास्त हाय."

चाळीस माणसं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. ज्याने देवाला नारळाचा हिशेब विचारला, तो माणूस म्हणतो भाडं रास्त आहे!

"आवं आप्पा, डोकं फिरलं काय तुमचं?"

"गड्या, पेवात माल ठिवला की भाडं आलंच. बापानं दिलं, आजानं दिलं. इतकी वरसं ब्यांकवाल्यांनी मागिटलं न्हाई हेच लय झालं." असं म्हणून त्याने हात झटकले, आमच्या सगळ्यांच्या अंगावर कुंकू उडालं, आणि तो पुढे बोलला, "पर भाडं घेतलं की माल दावायला लागतोय. एकट्या मल्लाप्पाला न्हवं. सगळ्यास्नी."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग बाबूला कळलं आणि तो पोट धरून हसायला लागला. मला त्याच्याही आधी कळलं होतं. मी कुंकवाची पुडी तिथेच विसरून घरी गेलो.

सोमवारी अकरा वाजता चाळीसजण बँकेत आले. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही, धुतलेले कपडे, ओळीने. पुढे मल्लाप्पा. त्याने आगटे साहेबांच्या टेबलावर आठ आणे ठेवले. नाणं लाल, टेबल लाल.

"भाडं आणलंय. घ्या."

साहेबांना फार बरं वाटलं. त्यांनी भिंतीकडे बघत, सुज्ञ खातेदार कसे असावेत यावर चार वाक्यं बोलून घेतली आणि पावती दिली.

"आता माल दावा," मल्लाप्पा म्हणाला.

"कसला माल?"

"माझा. मी ठिवलेला. माझा झाला की यांचा, मग त्येंचा. समद्यांनी भाडं आणलंय."

साहेबांनी पहिल्यांदाच भिंतीवरून नजर खाली आणली. "अहो, तुमचे पैसे असे बाजूला काढून ठेवलेले नसतात. ते आम्ही गरजूंना कर्जाने देतो. तसाच बँकेचा व्यवहार असतो."

मल्लाप्पाचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला इतका हादरलेला कधी पाहिला नव्हता.

"म्हंजे माझा माल तुमी दुसऱ्याला दिला?"

"दिला म्हणजे... व्याजाने."

"आन् त्यो तुमास्नी भाडं देतोय?"

"व्याज देतो."

"माल माझा, त्येच्यावर कमावता तुमी, आन् भाडं मी भरायचं?" मल्लाप्पाने मागे वळून लोकांकडे बघितलं. "आवं, मग भाडं यांनी आपल्याला द्याय पायजे की!"

"व्याज देतोच ना आम्ही तुम्हाला!" साहेब उठून उभे राहिले. "आणि एक ध्यानात घ्या, जगाच्या पाठीवर कोणत्याही बँकेत कुणाची नोट वेगळी ठेवत नाहीत!"

"काय सांगता?" बाबू चिरमुरेवाला मागून ओरडला. "आप्पाची ठेवत्यात की! दर सोमवारी वाईकर दावत्यात. म्या सवता बघितलंय!"

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. पण सुटलं ते सुटलं. साहेब माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे वाईचं घर, आई, दोन बहिणी, सगळं एकदम उभं राहिलं. साहेब माझ्या गजांच्या पिंजऱ्यात आले, त्यांनी खण ओढला, पाकीट काढलं आणि माझ्याच टेबलावर उलटं केलं. अकरा नोटा, अकरा लाल ठसे.

"या कुणाच्या नोटा आहेत?" त्यांनी विचारलं. उत्तराला न थांबता ते गजांकडे वळले. "मल्लाप्पा, या तुमच्या ना? खरं सांगा. तुमच्या असतील तर या माणसाला आजच घरी पाठवतो."

मल्लाप्पाने माझ्याकडे पाहिलं. मग नोटांकडे पाहिलं. बराच वेळ नोटांकडे बघत राहिला. दीड वर्षात एक सोमवार न चुकवता ज्यांच्यासाठी तो आला होता, त्या नोटा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होत्या. तो कोणत्याही क्षणी 'माझा माल' म्हणून ओरडणार, याबद्दल माझी खात्री होती.

"न्हाई," तो म्हणाला. "माल माझा न्हाई."

चाळीस माणसं पुन्हा थक्क. बाबूचा तर आ वासलेला मिटेना.

"खोटं! हे ठसे तुमचे आहेत, आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"अंगठा माझा न्हवं सायेब. घ्या की छाप."

साहेबांनी खरोखरच शिक्क्याची शाई मागवली, मल्लाप्पाचा अंगठा धुवून घेतला, कागदावर उठवला आणि नोटेशेजारी धरला. मीही वाकून पाहिलं. मल्लाप्पाचा अंगठा रुंद, कुटून कुटून भेगाळलेला. नोटेवरचा लहान, निमुळता, त्याच्या निम्मासुद्धा नाही. दीड वर्ष मी त्या नोटा हाताळत होतो आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"मग या वेगळ्या का ठेवल्या?" साहेबांनी मला विचारलं.

उत्तर मल्लाप्पानेच दिलं. "डागाळलेल्या नोटा हायत. साताऱ्याला धाडाय काढून ठिवल्या असतील बिचाऱ्यानं."

फाटक्या, मळक्या नोटा आम्ही खरोखरच बाजूला काढून साताऱ्याला पाठवायचो. साहेबांना ते पटलं. "डाग पडला म्हणून नोट वाया जात नाही," ते मला म्हणाले. "या चालू नोटा आहेत. आजच्या आज खिडकीवरून गेल्या पाहिजेत. माझ्यासमोर." आणि खुर्ची ओढून ते माझ्या पाठीशी बसले. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी आपापले आठ आणे पुढे करून "माल दावा" सुरू केलं, तेव्हा त्यांनी बसल्या बसल्याच, साताऱ्याचं उत्तर येईपर्यंत आकार बंद, असं सांगून टाकलं. शिपायाने दाराशेजारचा कागद काढला. लोक जिंकले होते. बाहेर बाबूने चिरमुरे वाटले.

मल्लाप्पा बाहेर गेला नाही. खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिला.

मी नोटा द्यायला लागलो. पहिली आष्ट्याच्या एका गूळवाल्याला गेली. तो पैसे मोजत बाकापाशी आला तसं मल्लाप्पाने विचारलं, "पाव्हणं, कुठलं?" तो म्हणाला, "आष्टा." मल्लाप्पाने मान हलवली. दुसरी, तिसरी. दर वेळी तोच प्रश्न. मी मनात म्हणत होतो, आप्पा, त्या पाहुण्याला बाहेर गाठा, तुमच्याकडची नोट द्या आणि ही घ्या, साहेबांना रस्त्यावरचं काय दिसतंय? मी भुवयांनी दोनदा खुणावलं. त्याला समजलं होतं, पण तो जागचा हलला नाही. मीसुद्धा एखादी नोट खाली दडवू शकलो असतो. साहेबांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी भ्यालो. आज इतक्या वर्षांनी सांगतो, मी नुसता भ्यालो.

तीनच्या सुमाराला अकरावी नोट गेली. साहेब खात्री करून आपल्या टेबलाकडे गेले. मी पिंजऱ्याबाहेर येऊन मल्लाप्पाच्या शेजारी बसलो.

"कुणाचा अंगठा होता आप्पा?"

"गौरव्वाचा. त्या वरसाचा दिवाळीचा गल्ला तिनं मोजला. कुंकवाच्याच हातानं मोजायची, किती सांगितलं तरी धुवायची न्हाई. मग ताप आला. घरी नोटा ठिवल्या असत्या तर कवा ना कवा खर्चून खाल्ल्या असत्या मी. म्हटलं, पेवात ऱ्हातील."

मी त्याचा लाल हात धरला. "मग बदलून का नाही घेतल्यात? इतके जण तुमच्यासमोरून गेले!"

"वाईकर, समद्या पेठेसमोर म्हटलं मी, माल माझा न्हाई. सौद्यात बोललं की फिरवायचं न्हाई. आता एक जरी घेतली तर मी खोटं बोललो असं हुईल, आन् मग तुमचं काय?"

तो बोटं मोजत बसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तीन आष्ट्याला गेल्या. पाच मिरजेला. एक आटपाडीच्या मेंढरंवाल्याकडं. विट्याचा त्यो सोनं गाळणारा, त्यो परवा मद्रासला चाललाय, त्येच्याकडं दोन."

आणि माझ्याकडे वळून, डोळ्यांतलं पाणी न पुसताच, तो म्हणाला, "ती कदी सांगलीभाईर गेली न्हवती वो. आगगाडीत बसायचं तिच्या लय मनात हुतं."